आपण की आम्ही?

समोआतल्या आपियाहून टोकेलाऊला बोटीनेच जावं लागतं, विमानतळ नाही. सव्वा दिवस मी बोटीत काय करत होते, ते विचारू नका. फाकाओफो बेटावरचे दिवसही एका ओळीत उरकते: ऊन, नारळ, पुन्हा ऊन.

सांगायचंय ते 'इनाती'बद्दल. गावाने मिळून धरलेल्या माशांची ही वाटणी. ढीग मांडतात, एकेका कुटुंबगटाचं नाव पुकारतात. एकट्या म्हातारीलाही वगळत नाहीत. मी जिच्याकडे उतरले होते त्या आजींच्या शेजारी टोपली धरून उभी होते. मासे टोपलीत पडले नि मी पाठ केलेला शब्द मोठ्या तोऱ्यात फेकला: हे 'किमातोउ'चे!

सगळे खो-खो हसले. आजी मात्र गंभीर. "आणि मी उपाशी राहू?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

माझ्या इंग्रजी वहीत 'किमातोउ' आणि 'कितातोउ' या दोन्हींपुढे एकच 'वुई' लिहिलेलं. पहिला 'आम्ही', दुसरा 'आपण'! इंग्रजी माणूस फसला तर समजू शकतं, पण मराठी बाईने फसावं? यजमानीणबाईंच्या टोपलीवर 'आम्ही' म्हणून हक्क सांगून मी मोकळी. मग चूक कबूल करत त्यांना आम्ही-आपण समजावलं. त्यांनी 'आपण' तीनदा घोळवून पाहिलं, खूश झाल्या नि विचारलं, "फक्त तू आणि मी असू तर?"

"आपण दोघी."

"दोन शब्द लागतात?" आजींना मराठीची चक्क कीव आली. त्यांच्याकडे एकच: 'किताउआ'.

मासे साफ करता करता कळलं, की आजींनी लहानपणी बायबल वाचलं ते समोअन भाषेत. 1860च्या दशकात समोआहून धर्मप्रसारक आले, त्यांच्याबरोबर त्यांची भाषा चर्चमध्ये शिरली. टोकेलाऊ भाषेचा मोठा शब्दकोश मात्र 1986 साली निघाला. टोकेलाऊच्या तिन्ही बेटांवर मिळून आता जेमतेम दीड हजार माणसं. न्यूझीलंडमध्ये त्यांचे भाऊबंद कित्येक पट जास्त. आजींची नातवंडंही तिथेच. ती फोनवर इंग्रजी झाडतात, हा आजींचा खरा राग. माझ्यावरचा नाटकी होता.

तिकडे जाणार असाल तर इंग्रजी वही घरी ठेवा. सर्वनामं मराठीतून शिका, आणि टोपली हातात आली की 'कितातोउ' म्हणा.