न दिसणारा बिघाड

मराठीत पोट बिघडते, बेत बिघडतो, मुलगा बिघडतो आणि ऐन थंडीत गॅस गिझरही बिघडतो. या सर्व प्रयोगांमागे एक समजूत आहे: बिघडलेले लगेच कळते. गिझरच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते, म्हणून हे टिपण.

गिझरच्या नेहमीच्या तक्रारी तशा साध्या असतात. नळ सोडल्यावर ठिणगीची टकटकच ऐकू येत नसेल, तर बॅटरीचे सेल संपलेले असतात किंवा पाण्याला पुरेसा दाब नसतो. आतला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने सरकतो, तेव्हाच ठिणगी पडते. टाकी तळाला गेली किंवा पाण्याच्या जाळीत क्षार साचले, की तो सरकत नाही. टकटक होऊनही ज्योत पेटत नसेल, तर सिलिंडर वा रेग्युलेटर पाहावा. पेटलेली ज्योत काही सेकंदांत विझत असेल, तर ज्योत ओळखणारी कांडी काजळलेली असू शकते. गारठ्याचाही यात वाटा असतो. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळते, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासेच खाली. त्यामुळे थंडीत गॅस मंदावतो. बर्फाळ प्रदेशांत घरे तापवायला प्रोपेन वापरतात, ते याचमुळे.

या सर्व तक्रारींत यंत्र काम थांबवते. आपण चिडतो, पण थांबलेले यंत्र सहसा कोणाचा जीव घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी भाड्याच्या खोलीतील न्हाणीघरात बेशुद्ध पडली. मैत्रिणींनी कडी तोडून तिला मोकळ्या हवेत आणले, इस्पितळात प्राणवायू दिला गेला आणि ती वाचली. दुसऱ्या दिवशी कारागिराने गिझर तपासला, तर त्यात काहीही बिघडलेले नव्हते. पाणी कढत येत होते. झरोक्यात मात्र वारा येऊ नये म्हणून पुठ्ठा बसवलेला होता. बंद जागेत प्राणवायू कमी पडला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग हाक मारण्याचेही भान उरत नाही.

भाषाविज्ञान शिकवताना चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे म्हणणे मी हल्ली सिलिंडरच्या उदाहरणाने सांगतो. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. म्हणजे तो दुर्गंध हा माणसांनी ठरवलेला एक शब्दच आहे: ‘धोका’. कार्बन मोनॉक्साइडला असा शब्द कोणी दिलेला नाही, देताही येत नाही. कारण तो कारखान्यात भरला जात नाही, आपल्याच न्हाणीघरात जन्मतो. पिवळी, काजळी धरणारी ज्योत ही त्याची एक खूण. पण अंघोळ करताना ज्योतीकडे पाहतो कोण? आणि ज्योत निळी असली, तरी बंद खोली सुरक्षित ठरत नाही.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. झरोका कधीही बुजवू नये. ज्योत पिवळी दिसली, डोके जड झाले, तर नळ व रेग्युलेटर बंद करून बाहेर यावे आणि कारागिराने पाहिल्याशिवाय गिझर पुन्हा लावू नये. गॅसचा वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

परगावाहून येऊन खोल्या घेऊन राहणारी मुले दर वर्षी आपल्या वर्गात असतात. डिसेंबर लागला, की हजेरी झाल्यावर मी त्यांना विचारतो, “झरोका उघडा आहे ना?” काही जण हसतात. एक-दोन जण मात्र संध्याकाळी खोलीवर गेल्यावर पुठ्ठा काढतात.