पट्टी

पावसला एस.टी.तून उतरलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. "कधी आलास?" आणि लगोलग, "किती दिवस आहेस?" चाकरमान्याला कोकणात याहून जास्त कोणी विचारत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्याकडे पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

चौदा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली होती, त्यातली शेवटची तीन मॅनेजर म्हणून. जानेवारीत प्रोजेक्ट बंद झाला. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून आम्हा अकरा जणांना मोकळं केलं. बायकोची नोकरी नि मुलीची शाळा पुण्यात, म्हणून त्या दोघी तिकडेच राहिल्या. मी हंगामाला बाबांच्या मदतीला म्हणून पावसला आलो. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त मागच्या पडवीत येते. तिथेच एका बाजूला आंब्याची अढी, दुसऱ्या बाजूला खोक्यांची चळत. मुलाखती तिथूनच दिल्या. मागे बाबा खोक्याला चिकटपट्टी ओढायचे, तिचा चर्र आवाज पलीकडे जायचा. "सर, बॅकग्राउंडला काहीतरी आवाज येतोय," असं एकीने विचारलं, तेव्हा मी "घराचं काम चालू आहे" म्हणून मोकळा झालो. बाबांनी मान वर करून नुसतं बघितलं.

नोकरीसाठी पहिला फोन आला तो आम्ही वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्या पाठवल्या त्याच आठवड्यात. "करंट किती?" पलीकडच्याने विचारलं, आणि मी ओळखीच्या माणसाला वय सांगावं तसं सांगून टाकलं, "अठ्ठावीस." म्हणजे वर्षाचे अठ्ठावीस लाख. तो म्हणाला, सव्वीसपर्यंत बघता येईल. मला अपमान वाटला. चौदा वर्षांत नोकरी बदलताना आकडा कायम वर गेला होता, तो खालीही येतो हे मला फक्त पेपरात वाचून माहीत होतं. मी नाही म्हटलं.

खरं तर वाचलेलं विसरायला नको होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर हातात असलेल्या नव्या पोरांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं होतं. तेव्हा आम्ही कँटीनमध्ये त्यावर खूप बोललो होतो. बिचारी पोरं, म्हणालो होतो. 'बिचारी' म्हणणारे आपण काठावर उभे आहोत असं धरून चालतात.

मार्चमध्ये चोवीस. एप्रिलमध्ये एका ठिकाणी तीन फेऱ्या झाल्या, बावीस ठरले, आणि शेवटच्या फोनवर ते वीस झाले. "बजेट फ्रीज झालंय, सर." तिचा आवाज गोड होता आणि तिचाही इलाज नसावा. मी विचार करून सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी फोन केला तर जागा भरली होती.

त्याच दिवसांत वाशीचा भावही घसरत होता. फेब्रुवारीत पाच डझनांच्या पेटीला आठ हजार आले होते, एप्रिल सरता सरता अडीच हजारांवर आले. आंबा तोच, कलमं तीच, वास तोच. बाबांना त्यात अपमान वगैरे काही दिसत नव्हता. गाडी गेली की पट्टीची वाट बघायची, एवढंच. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशेबाचा कागद. वर विक्रीची रक्कम, खाली भाडं, हमाली, तोलाई, आणि तळाला आपल्या हाती काय पडणार तो आकडा. वरचा आकडा बाबा वाचतच नाहीत. बोट थेट तळाला.

एका रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. आकड्यांसकट. बाबांनी भातावर आमटी घेतली आणि विचारलं, "तू पहिल्या फोनला तुझा शेवटचा पगार कशाला सांगितलास?"

"विचारतात सगळेच."

"नि नोकरी नाही हे?"

"'लगेच जॉइन होणार का' असं विचारलं की कळतंच ना ते. पूर्वी नव्वद दिवसांची नोटीस म्हणून कंपन्या कुरकुरायच्या. आता उद्या येतो म्हटलं की भाव पाडतात."

"अढीत रंग धरला की आमचंही तेच," बाबा म्हणाले. "दलालाला फळ बघायला लागत नाही, वास येतो." मग त्यांनी वाशीचं जुनं सांगितलं. हापूसचे सौदे तिथे रुमालाआड व्हायचे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा ठरवायचे. शेतकरी हातभर अंतरावर उभा, पण माल त्याचा आणि आकडा त्याला ठाऊक नाही. "तुमचं बरंय," ते म्हणाले, "तुमच्यात निदान रुमाल तरी नाही."

रुमाल आहे हे मला नंतर कळलं.

मे महिन्यात शेवटचं फळ कॅनिंगला किलोवर गेलं आणि मी एकवीस लाखांवर हो म्हटलं. ऑफरचा कागद रत्नागिरीहून छापून आणला आणि बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, सवयीने बोट तळाला नेलं. तिथे 'एकूण' म्हणून एकवीस लाखच होते. ते गोंधळले. मग एकेक ओळ वर चढत गेले.

"हे व्हेरिएबल तीन लाख पंधरा हजार. नक्की मिळतात?"

"कंपनीचं नि माझं वर्ष चांगलं गेलं तर."

"म्हणजे मोहोर. फळ नव्हे. हे?"

"पी.एफ.चा कंपनीचा वाटा. निवृत्तीला."

"हे ग्रॅच्युइटी?"

"पाच वर्षं टिकलो तर."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर एकवीस लिहून त्याखाली वजाबाक्या मांडल्या, माझा पी.एफ. आणि आयकर मला विचारून धरला, बाराने भागलं. महिना एक लाख सतरा हजारांच्या आसपास आलं. त्याखाली त्यांनी रेघ ओढली. "ही तुझी पट्टी," म्हणाले. फ्लॅटचा हप्ता बावन्न हजारांचा आहे, तो त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

निघायच्या दिवशी दुपारी मठात गेलो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे काही मागावं असं सुचलं नाही. खिचडीचा प्रसाद घेतला, पान धुतलं, नि संध्याकाळची गाडी धरली. गाडीत शेजारच्याने विचारलं, "किती दिवस होतात?" पहिल्यांदाच सरळ उत्तर देता आलं.

जूनमध्ये रुजू झालो. जुलैअखेर टी.सी.एस.ने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याची बातमी आली, आणि एकवीस लाखांबद्दलची माझी कुरकुर बंद झाली. बातमीने पगार वाढत नाही, पण तोंड बंद होतं. बाजाराला तेवढंच हवं असतं.

सप्टेंबरमध्ये माझ्या हाताखाली एक जागा भरायची होती. भरती बघणाऱ्या मुलीने तक्ता पाठवला. नाव, अनुभव, शेवटचा पगार, अपेक्षा, आणि एक रकाना: 'लगेच येणार का? हो/नाही'. ज्यांच्यापुढे 'हो' होतं त्यांच्या ओळी पिवळ्या केलेल्या. हाच तो रुमाल. जागेसाठी मंजूर रक्कम वीस लाख होती, ती तक्त्यात कुठेच नव्हती, फक्त आम्हा दोघांना ठाऊक. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा लिहायला लावली आहे, कॅलिफोर्नियात जुना पगार विचारायला २०१८ पासून बंदी आहे. हे मी त्या मुलीला सांगितलं. ती हसली. "सर, आपण हिंजवडीत आहोत."

निवडलेला माणूस बारा वर्षांच्या अनुभवाचा, चार महिने घरी. चांगला होता, माझ्यापेक्षा बरा म्हणेन. मी म्हटलं, वीस देऊ या. ती म्हणाली, "तो सोळाला तयार आहे सर, स्वतःच म्हणाला." मी वरच्याला मेल लिहिला. दोन ओळींचं उत्तर आलं, की बचत झाली तर चांगलंच आहे. दुसरा मेल मी लिहिला नाही.

तो सोळावर रुजू झाला. माझ्या समोरच्या टेबलावर बसतो.