अनुभव : निरंक

घरात त्यातल्या त्यात वळणदार अक्षर माझं, म्हणून १९८३ च्या पावसाळ्यात वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, नोकरीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आठवीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि दीड वर्षानंतर लालबागच्या आमच्या चाळीत संप कधी मिटणार हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. अण्णा विणाई खात्यातले साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. दादरच्या एका सोसायटीला रात्रीचा वॉचमन हवा होता. “लिही गो बाय,” असं म्हणून ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

शाळेत शिकवलेला अर्ज मला पाठ होता. महाशय, विषय, सविनय. त्याखाली मी लिहिलं, की घरची परिस्थिती हलाखीची आहे, खाणारी सहा तोंडं आहेत, तरी कृपा करून सेवेत सामावून घ्यावे. शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’. अनुभवापुढे ‘गिरणी कामगार, १७ वर्षे’ एवढंच. अण्णांनी कागद दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला आणि सही केली. उत्तर आलं नाही.

दहावीनंतर मी परळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागले. इंग्रजी ३०, इंग्रजी ४०, मग मराठी ३० शब्द अशा परीक्षा दिल्या. सरांकडे बाहेरची कामं यायची, त्यांत निम्मे तर नोकरीचे अर्जच. कागद, कार्बन, कागद, कार्बन, कागद असा थर रोलरमध्ये सरळ बसवायचा. एक अक्षर चुकलं, की प्रत्येक कार्बनच्या वर कागदाचा कपटा सरकवायचा, एकेक प्रत कडक रबरानं हलक्या हातानं खोडायची, कपटे काढायचे आणि कॅरेज मागे नेऊन त्याच जागी पुन्हा अक्षर मारायचं. हात जड पडला तर कागदाला भोक. या कामानं एक केलं. फुकटचा शब्द टाइप करायला माझी बोटं कंटाळू लागली. लोक मजकूर सांगायचे, ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू.’ मी मशीनवरचे हात तसेच ठेवून विचारायची, “पण तुम्ही तिथे करत काय होतात?” मग कुठे कळायचं, की समोरचा माणूस तीन वर्षं एका दुकानाचा सगळा उधारीचा हिशेब एकट्यानं सांभाळत होता. त्याच्या कागदावर तो हिशेब नसायचाच. दाखल्यांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यात लोक दिवसच्या दिवस घालवत (२०१४ नंतर हळूहळू स्वतःच्याच सहीवर भागू लागलं), पण आपण काय केलं ते सांगायला अर्धा तास देत नसत.

आणि तरी १९८८ मध्ये माझा पहिला बायोडेटा टाइप करताना मी काय लिहिलं? वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, टक्के. स्थळासाठी दिला असता तरी चालला असता, असा तो कागद. अनुभवापुढे लिहिलं, ‘निरंक’. दोन वर्षं दुसऱ्यांचे अर्ज घडवणाऱ्या मुलीला आपलं हे काम अनुभवात धरावं असं वाटलं नाही. एका कचेरीत ओळखीनं चिकटले, म्हणून ते खपून गेलं.

२००३ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडली. सहा वर्षं. सुरुवातीच्या महिन्यांत अण्णा रात्री येऊन बसायचे. “तू नीज. मला रातपाळीची सवय आहे,” म्हणायचे. एकदा पहाटे मला जाग आली तेव्हा ते सासूबाईंना कुशीवर वळवत होते. खोकला आला नव्हता, हाक आली नव्हती. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, “घरघर बदलली. खात्यात एवढे साचे एकदम चालायचे, पण आपल्या साच्याचा आवाज जरा बदलला, की धागा तुटायच्या आधी कळायचं.”

त्या पहाटे मला वीस वर्षांपूर्वीचा तो अर्ज आठवला. सोसायटीच्या सेक्रेटरीला रात्रभर जागा राहणारा आणि आवाजातला फरक ओळखणारा माणूस हवा होता. मी त्यांना घरातली सहा तोंडं मोजून दाखवली होती. पोरवयात मला ते कळणं शक्य नव्हतं, हे मान्य. तरी अण्णांची सतरा वर्षं माझ्याच हातून दोन शब्दांत संपली, याची टोचणी अजून आहे.

पुन्हा नोकरी शोधायला निघाले तेव्हा सायबर कॅफेवाल्यानं तयार नमुना दिला. पहिलीच ओळ, ‘आव्हानात्मक कामाच्या शोधात’. मी ती काढली. सहा वर्षांची पोकळी झाकण्यासाठी तारखा मागेपुढे करायचा सल्लाही मिळाला, तोही मानला नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं, की २००३ ते २००९ घरच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा केली, औषधांच्या वेळा आणि खर्चाची वही रोज ठेवली, आणि या काळात नवं टायपिंग सॉफ्टवेअर शिकले. जाहिरात नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाची होती. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वहीवरच आला.

आता इमारतीतली मुलं येतात. त्यांना मी सांगते, की बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, तेव्हा जाहिरातीतले कामाचे शब्द तुझ्या कागदात हवेत, पण खरोखर येत असतील तेवढेच. रंगीत चौकटी नकोत, त्यांत मजकूर अडकतो. पत्र अर्ध्या पानाचं, त्यांना काय हवंय इथून सुरू होणारं. आणि प्रत्येक जागेसाठी ते नव्यानं लिहायचं. हा शेवटचा भाग मुलांना जड जातो.

गेल्या महिन्यात एक बी.कॉम. झालेला मुलगा आला. भिवंडीच्या एका गोदामात डिस्पॅचची जागा होती. लॅपटॉपवर त्याचा रेझ्युमे उघडला तर अनुभव : निरंक. माझ्या पोटात कालवलं. विचारलं, “पहाटे सायकल घेऊन कुठे जातोस?”

“पेपरची लाइन आहे, मावशी. ते काय अनुभवात येतं का?”

किती घरं? १४०. किती वर्षं? चार. पुरवण्या कोण भरतं? तोच. कुणाचा पेपर कधी बंद, कुणाला कोणता, महिनाअखेरची वसुली, सगळं वहीत. साडेसहाच्या आत शेवटच्या दारात पेपर पडलाच पाहिजे.

त्यानं ‘निरंक’ खोडलं. टाइप करता करता मध्येच थांबला. “पावसाळ्यात उघड्या दारांचे पेपर आधी प्लॅस्टिकमध्ये घालतो. भिजलेला एकही परत आला नाही अजून. हेपण लिहू?”

“लिही रे,” मी म्हटलं.