अर्ध्यावरची बैठक

आमच्या तालमीत घड्याळ नव्हतं. मारुती होता, लाल मातीचा हौद होता, आढ्याला बांधलेला दोर, कोपऱ्यात दोन करेले आणि खिळ्यांना वाळत घातलेले लंगोट. पंचगंगेकाठच्या गावातली तालीम, आणखी काय असणार? कोल्हापूर सायकलीवर तासाभराचं. शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 साली तिथं उभं राहिलं, तेव्हापासून आमच्याकडं पोरगं अंगानं जरा बरं निघालं की घरातली माणसं त्याच्याकडं बघून मनात हिशेब मांडतात. 1978 साली, मी आठवीत असताना, आमच्या आबांनीही तो मांडला. मला वस्तादांच्या पुढं उभं केलं, "ह्याला घ्या," म्हणाले आणि वैरणीला निघून गेले.

पहाटे चारला आधी माती. ताक, तेल, हळद, काव आणि लिंबू पिऊन मुरलेली ती माती फावड्यानं तळापासून उकरायची, मग सारखी करायची. तेवढ्यात अंग तापायचं. मग जोर, मग बैठका. खरं सांगायचं तर शंभर जोर आणि दोनशे बैठका पोरं रेटून नेतात. दम लागतो, पण अंग चालू असतं आणि चालत्या अंगाला लय सापडते. वस्ताद नेमकी ती लय हेरायचे. सगळे जोमात आले की ओरडायचे, "थांब!"

जिथं असाल तिथं थांबायचं. बैठक अर्ध्यावर असेल तर अर्ध्यावर. ना खाली, ना वर. मग वस्ताद मारुतीकडं तोंड करून भीमरूपी म्हणायला लागायचे. ते संपेपर्यंत हलायचं नाही. कधी भरभर म्हणायचे, कधी मधेच थांबून कुणाच्या तरी बापाची चौकशी करायचे. मांड्या थरथरायला लागायच्या. "थरथरत्यात व्हय? थरथरू देत. मोडत न्हाईत." एखाद्यानं गुडघा टेकला की स्तोत्र पहिल्यापासून, सगळ्यांना. शेवटी "सोड" म्हणाले की लगेच दोरावर चढायचं, उतरलं की जोडीदाराला खांद्यावर घेऊन तालमीला पाच फेऱ्या, आणि धापा टाकत परत आलं की जोर अर्ध्यावर अडवायचा, छाती जमिनीपासून चार बोटं वर. पुन्हा भीमरूपी. शेवटी पूल, म्हणजे पाय आणि डोकं जमिनीला, बाकी सगळं अंग कमान करून वर. त्या कमानीवर ते एखादं बारकं पोरगं बसवायचे. ते पोरगं वर बसून हसायचं, त्याचा राग मला अजून आहे.

पुढं एका डॉक्टरांनी त्या आगीचं कारण सांगितलं. उठबस करताना स्नायू आवळतो, सुटतो, रक्त खेळतं राहतं. आवळूनच धरला की रक्ताची वाट दबते, म्हणून आतून पेटतं. पुण्याचा माझा भाचा जिममध्ये प्लँक करतो, मोबाईलवर मिनिटं लावून. मला त्याचं हसू येत नाही, आग तीच असणार. फक्त ती कधी संपणार हे त्याला माहीत असतं.

वस्तादांचं म्हणणं साधं होतं. खाली गेलेल्या पैलवानाला बराच वेळ काही करायचं नसतं, नुसतं उलटं व्हायचं नसतं. वरचा रेटतो, पट काढतो, मानेवर कोपर देतो. तेव्हा जो दगडासारखा राहील त्यालाच पुढं डाव सुचतो. मग ते गोळेश्वरच्या खाशाबांची गोष्ट सांगायचे. 1952, हेलसिंकी. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं. ती हरले, तरी पदक घेऊन आले. गोष्ट दर वेळी तीच. आम्ही ती मन लावून ऐकायचो, कारण ती चालू असेपर्यंत बैठका बंद असायच्या.

घरी एकच म्हैस. सकाळचं दूध तीन लिटर, त्यातलं दीड लिटर माझं. उरलेलं डेअरीला. थोरली बहीण कोरा चहा प्यायची. दहा दिवसांचं बिल आलं की आई ते दोनदा मोजायची, पण आबांनी माझा तांब्या कधी अर्धा होऊ दिला नाही. त्या दुधावर मी जत्रांतून नारळ जिंकले, दोन फेटे जिंकले, सगळ्यांत मोठी कुस्ती दीडशे रुपयांची. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग साखर कारखान्यात हंगामी लागलो. पारावर एखादा विचारायचाच, "काय, मग दुधाचं काय झालं?" आबा तंबाखू मळत दुसरीकडं बघायचे.

1997 च्या उन्हाळ्यात आबांची उजवी बाजू गेली. गिळताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं, आडवं ठेवून घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, ताठ बसवूनच भरवा. पण ते बसायचे कुठं? उशा लावल्या, लोड लावले, आबा एका अंगावर घसरायचेच. मग मी त्यांच्या मागं बसलो. दोन्ही बाजूंना माझे गुडघे, त्यांची पाठ माझ्या छातीला, काखेतून माझे हात. पुढं आई पेजेचा चमचा घेऊन. एक घोट उतरायला वेळ लागायचा. मी जरा हललो की आबांची मान कलायची आणि ठसका. जेवण पाऊण तास चालायचं. भावकीतला एक धडधाकट गडी हौसेनं बसला, पाच मिनिटांत त्याचे हात थरथरायला लागले. दोन वेळचं जेवण, अडीच वर्षं, मीच धरलं. कारखान्यातली पाळी त्याप्रमाणं बदलून घेतली. थरथर मलाही सुटायची. मोडत नाहीत, एवढं ठाऊक होतं.

एकदा वस्ताद बघायला आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, काठी हातात. बहीण माहेरी आली होती, तिनं सासरहून म्हशीचं दूध किटलीतून आणलेलं, आई तेच भरवत होती. वस्ताद उंबऱ्यावर टेकले. आबांकडं बघतील, काही विचारतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडंच बघत राहिले. मग काठीनं खूण करून म्हणाले, "कोपर आत घे. मान वर."

मी कोपर आत घेतलं. आबांचं अर्धं दूध अजून व्हायचं होतं.