भोपळ्याचा पत्ता

चि. सानिका,


दिवाळीला येतेस हे वाचून बरं वाटलं. "आत्या, रत्नागिरीत भोपळ्याचं काय काय चांगलं मिळतं, कुठे कुठे जायचं, ते लिहून ठेव" असं म्हणतेस. बॉस्टनला सप्टेंबर लागला की कॉफीपासून पावापर्यंत सगळ्यात भोपळा, तेव्हा इथेही असंच काही असेल असं तुला वाटणं साहजिक आहे. पण दुकानांची यादी काही मी पाठवू शकत नाही. इकडे भोपळा तिथी बघून खायचा असतो.

गोखले नाक्यापासून राम आळीपर्यंत फिरलीस तर आंबापोळी, फणसपोळी, आगळ, काजू, पिशवी फाटेपर्यंत मिळेल. भोपळ्याचं विचारलंस तर दुकानदार तुझ्याकडे बघत राहील. खाणावळीच्या ताटात कधीमधी भोपळ्याची भाजी येते, पण बाहेरच्या फळ्यावर तिचं नाव लिहायची मालकाला लाज वाटते. तिथे सुरमई आणि सोलकढी. आरे-वारेच्या चढावरच्या टपऱ्यांवर कांदाभजी, वडापाव, शहाळं. तिथे थांबून खाली दोन्ही पुळणी डोळे भरून बघाव्यात आणि पुढे निघावं. पाकिटातले घारगे मात्र घेऊ नकोस. मागे एका ठिकाणचे आणले होते, मैद्याचे आणि केशरी रंगाचे. खऱ्या घारग्याला गुळाचा तपकिरी रंग येतो. केशरी दिसला की समजायचं, भोपळा कमी आणि डबीतला रंग जास्त. विकतचेच हवे असतील तर गणपतीपुळ्याला बचत गटांचं सरस प्रदर्शन भरतं तेव्हा बघावेत. तिथे करणारी बाईच समोर उभी असते, गूळ कुठला वापरला ते विचारता येतं.

भोपळा बघायचा असेल तर शिरगाववरून साखरतरचा पूल ओलांडून काळबादेवी, आरे, वारे, नेवरे या रस्त्याने जायचं. सगळे डावीकडे समुद्राकडे बघतात, तू उजवीकडे बघ. गडग्यावर, गोठ्याच्या छपरावर, विहिरीच्या कडेला जिथे जागा मिळेल तिथे वेल चढलेला असतो. मृगात बी टोचायचं, श्रावणात फुलं. या फुलांची भजी तुला एकदा खाऊ घालायची आहे, पण दिवाळीत ती मिळायची नाहीत. फुलं पहाटे उमलतात आणि उन्हं वर आली की मिटतात, म्हणून खुडायला सकाळीच जावं लागतं. त्यातही लांब देठाची नर फुलंच खुडायची. मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढं फळ असतं, त्याला हात लावलास तर शेजारीण बोलणं टाकेल. पावसाची झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत, मग त्या गोट्या पिवळ्या पडून गळतात. अशा वेळी जाणती बाई नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मादी फुलात हलकेच फिरवते. एवढं केलं तर भाद्रपदात भोपळे लागतात. पुढे फळमाशी आहेच. कोवळ्या फळाला जुन्या चिंधीची टोपी घालून ठेवायची.

भाद्रपद म्हणजे भोपळ्याचा खरा महिना. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, भेंडी, शिराळं, पडवळ, माठ, सुरण, मक्याचे तुकडे, भोपळ्याच्या फोडी, सगळं एका पातेल्यात, तेलाशिवाय. वरून ओलं खोबरं आणि मिरची. आता गंमत बघ. या ऋषींच्या भाजीतला भोपळा, मका आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, पाचशे वर्षांपूर्वी इकडे कोणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. पुढे पितृपक्षातही तेच. आपल्या घरी श्राद्धाच्या पानावर बटाटा चालत नाही, टोमॅटो चालत नाही, पण भोपळ्याशिवाय पान पुरं होत नाही. बटाटाही त्याच खंडातला. भोपळ्याला मात्र पासपोर्ट कोणी विचारला नाही. आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "असूदे, आता आपलाच झाला."

तुमच्याकडचे भोपळेही मी वाचून काढले. तुमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत २०१२ साली २,००९ पौंडांचा, म्हणजे सुमारे ९११ किलोंचा भोपळा आला होता. दोन हजार पौंडांची हद्द ओलांडणारा जगातला पहिलाच. खायला तो कसा लागत असेल याचा विचारही करवत नाही. आणि ती तुझी भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी! स्टारबक्सने ती २००३ मध्ये आणली, पण २०१५ पर्यंत तिच्यात भोपळा नव्हताच म्हणे, नुसती दालचिनी, जायफळ, लवंग. ते मसाले तर आमच्या दारात आहेत. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावायला लोकांना शिकवलं, 'लाखी बाग' म्हणतात तिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जायफळाच्या एका जातीचं नावच 'कोकण सुगंधा'.

तर दिवाळीत तुझ्या वाट्याला काय? फुलं गेली, ऋषीची भाजी गेली. पण जून भोपळा असेल, आणि घारग्याला जूनच हवा. कोवळा पाणी सोडतो, मग पीठ जास्त खपतं आणि घारगा कातड्यासारखा होतो. जून कसा ओळखायचा? देठ वाळून खुटखुटीत झालेला, सालीत नख रुतत नाही. आठवडा बाजारात फोड घेतलीस तर गर गडद आणि कोरडा बघ.

घारगे मीच करणार, तू बाजूला बसून बघ. दोन वाट्या किस, एक वाटी किसलेला गूळ. गूळ कोल्हापूरचा, आंबा घाटाने उतरून येतो तो. पाणी थेंबभरही नाही, भोपळ्याच्या स्वतःच्या पाण्यात गूळ विरघळतो. किस मऊ झाला की मीठ, जायफळ, आणि गरम असतानाच मावेल तेवढं तांदळाचं पीठ, मूठभर कणीक. मावेल तेवढं म्हणजे किती, हे कोणत्याही पुस्तकात नसतं, भोपळ्यागणिक बदलतं. झाकून ठेवायचं, केळीच्या पानावर थापायचं, वर खसखस, मध्यम आचेवर तळायचं. पहिल्या दिवशी बरे लागतात, दुसऱ्या दिवशी खरे. सोबत लोणी. जेवणात वालाचं बिरडं भोपळा घालून आणि दह्यातलं भरीत, हिंगाच्या फोडणीचं. त्या भरितासाठी फोडी उकडायच्या नाहीत, वाफवायच्या. उकडल्या की दही पातळ होतं. एवढ्यावर भोपळा संपतो असं समजू नकोस, पण चार दिवसांत याहून जास्त पोटाला झेपायचं नाही.

परत गेल्यावर तिकडे घारगे करून बघायचे असतील तर दारात ठेवतात तो नक्षीचा भोपळा घेऊ नकोस, तो चवीला पाणचट आणि धाग्याधाग्याचा. बटरनट स्क्वॉश घे. तो आणि आपला लाल भोपळा एकाच जातकुळीतले, आणि तुमच्या डब्यातल्या भोपळ्याचा गरही बहुतेक त्याच कुळातला असतो. डबा उघडलाच तर तो गर कढईत आधी चांगला आटवून घे.

पुढच्या वर्षी जमलं तर श्रावणात ये. पावसाला नावं ठेवायची नाहीत एवढीच अट. येताना दालचिनी, जायफळ काही आणू नकोस. तिकडची एक चांगली धारदार किसणी मिळाली तर आण, माझ्या किसणीने भोपळ्यापेक्षा बोटंच जास्त सोलली जातात.

तुझी,
आत्या