रविवार कोणाचा?

वेळेच्या नियोजनावर बोलायला मला बोलावतात ते बहुधा डिसेंबरच्या तोंडावर, म्हणजे मंडळीत कोणालाच वेळ नसतो तेव्हा. मी रायपुरात एका चर्चचा पाळक आहे. घरात मराठी, व्यासपीठावर हिंदी आणि म्हाताऱ्यांच्या भेटीला गेलो की तुटकीफुटकी छत्तीसगढी, असा माझा संसार. पाळकीय समुपदेशन हा माझ्या अभ्यासाचा विषय. माणसं येतात ती कर्जाचं, मुलाच्या दारूचं, नवऱ्याच्या अबोल्याचं सांगायला. पण दहा मिनिटांत गाडी "वेळच मिळत नाही, पास्टर साहब" या स्टेशनावर येतेच.

छत्तीसगढ सरकारने २०२२ साली कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. नवा रायपूरला मंत्रालयात जाणारे आमचे लोक खुशीत होते. तो शनिवार पहिले काही महिने खरोखर सुट्टीसारखा गेला. मग त्यात मुलांची ट्यूशन शिरली, क्वायरची तालीम शिरली, कॉटेज प्रार्थना शिरली, पास्टरेट कमिटीची बैठक शिरली. या चारांतल्या तीन गोष्टी आम्ही, म्हणजे चर्चने, शिरवल्या. भक्तीच्या नावाखाली माणसाला कामाला जुंपण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

व्याख्यानाला आलेल्यांची अपेक्षा असते की मी पहाटे चारला उठायला सांगेन, वही लिहायला सांगेन, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगेन. ते सगळं चांगलंच आहे आणि ते सांगायला दुसरे पुष्कळ आहेत. मी मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडायला लावतो. कफर्णहूमात संध्याकाळी अख्खा गाव दाराशी लोटलाय, आजारी माणसं आणलीत. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच येशू उठून एकांतात प्रार्थनेला जातो. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कोणी वाचत नाही. शिमोन शोधत येतो, सगळे तुमची वाट पाहताहेत म्हणतो, आणि येशू परत न जाता पुढच्या गावांची वाट धरतो. दाराशी थांबलेली माणसं थांबलेलीच राहिली असणार. आणि हाच माणूस पाचव्या अध्यायात याइराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघालेला असताना गर्दीतल्या एका बाईसाठी वाटेत थांबतो. एकदा गर्दीला पाठ, एकदा एकटीसाठी खोळंबा. यातून वेळापत्रक काढता येत नाही. मी तरी अजून काढू शकलेलो नाही.

खोळंब्यावरून एक आठवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, १८९३ च्या सुमारास. राजनांदगाव इथून सत्तर-बहात्तर किलोमीटर. डब्यात एक मिशनरी भेटला, गप्पा रंगल्या, त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. दोघांपैकी एकाने जरी त्या प्रवासात हातातलं काम उरकून घ्यायचं ठरवलं असतं, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचं काय झालं असतं, हा विचार आमच्या 'मल्टिटास्किंग'वाल्या तरुणांपुढे मी मुद्दाम ठेवतो.

पण आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाची ही लगबग आली कुठून? माझ्या मते तिचं एक मूळ रायपूरच्या उत्तरेला सापडतं. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर १८६८ साली या मुलखात आला आणि त्याने विश्रामपूर वसवलं. (सूरजपूरकडचं कोळशाचं विश्रामपूर वेगळं.) सतनामी समाजातून पहिली मंडळी उभी राहिली ती इथे. मिशनने जमीन घेतली होती, त्यामुळे मिशनरीच गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदारही. प्रवचन त्याचं, शाळा त्याची, औषध त्याचं, शेतसारा त्याचा आणि बांधावरची भांडणंही त्याच्याच ओसरीवर. गावाच्या नावात विश्राम होता, साहेबाच्या वाट्याला काही तो आला नसावा. त्या पिढीच्या कामाची किंमत मी कमी करत नाही. पण सगळं एकट्याने ओढणारा साहेब हाच आमच्या मनात चांगल्या ख्रिस्ती माणसाचा नमुना होऊन बसला. आजही पाळक हॉस्पिटलातून अंत्यविधीला आणि तिथून थेट बैठकीला धावला, की मंडळी खूश. रोग जुनाच आहे: बायबलातला मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो हे पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सुनावलं होतं: तूही झिजशील आणि हे लोकही. एवढ्या लोकांत बोलला तो सासराच!

आता दहा आज्ञांतल्या शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेकडे. ती मोशेच्या पुस्तकांत दोनदा येते आणि तिची कारणं वेगवेगळी दिली आहेत. निर्गममध्ये कारण सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये कारण मिसरातलं: तुम्हीही गुलाम होता, ते विसरू नका. आमच्या प्रवचनांत पहिलं कारण येतं, दुसरं क्वचित. पण विश्रांती कोणाकोणाला द्यायची, याची यादी दोन्हीकडे आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आत राहणारा परका. (यादीत बायको नाही, हे आमच्या महिला सभेत दर वेळी कोणीतरी हसत हसत लक्षात आणून देतं आणि पुरुष चहाकडे वळतात.) ही आज्ञा ज्याच्या हातात दुसऱ्याचे तास आहेत अशा माणसाशी बोलते आहे. तुझा दिवस कसा लावायचा हे नंतर, आधी तुझ्यामुळे कोणाचा दिवस अडकलाय ते बघ.

आणि मराठी माणसाने हेही लक्षात ठेवावं की आपल्या गिरणी कामगाराला रविवार चर्चने दिलेला नाही. तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवला. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबांचा रविवार आधीपासून होताच. साहेब देवळात जात होता तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. आमच्या शेजारी राजनांदगावच्या गिरणीतही १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या पुढाकाराने मोठा संप झाला, त्यातही कामाच्या तासांचा प्रश्न होता. आज कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे, पण घरकाम करणारीला त्या कायद्याचं कवच नाही. तिची सुट्टी आपल्या मर्जीवर.

म्हणून "वेळ मिळत नाही" म्हणणाऱ्याच्या घरी गेलो की मी आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघतो. मराठी घर असेल तर कालनिर्णय, नाहीतर जबलपूरचं लाला रामस्वरूप. त्यावर दुधाचे लिटर असतात, सिलिंडरची तारीख असते आणि लाल पेनाने कामवाल्या बाईचे खाडे. एका घरी, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, अतिशय भाविक, त्यांच्या कॅलेंडरवर महिन्याच्या चारही रविवारी बाई कामाला आल्याची खूण होती. कारण साधं: उपासनेहून आल्यावर पाहुणे असतात, मटण असतं, भांडी दुप्पट पडतात. तीजेच्या सणाला ती माहेरी गेली तेवढे खाडे, त्याचे पैसे कापलेले. "तिला रविवारी सुट्टी दिली तर आमचा रविवार गेला," बाईसाहेब म्हणाल्या. मी म्हटलं, हो, भांडी घासण्यात थोडा जाईल. नवऱ्याने विषय बदलला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा रविवार कोरे होते आणि जेवण खिचडी-पापडाचं होतं. मटण शनिवारवर गेलं होतं.

इथल्या सिलतरा-उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला ठेकेदाराचा मजूर, नाइट ड्यूटी करून थेट उपासनेला येणारी नर्स, यांना नियोजन शिकवण्यात अर्थ नाही, त्यांचे तास त्यांचे नाहीतच. नर्स प्रवचनात डुलकी घेते. तिला कोणी कोपराने ढोसू नये, एवढं मी पुढच्या बाकांना सांगून ठेवलं आहे.

राहिला आमचा चर्चचा चौकीदार. माझी सुट्टी सोमवारी, हे सगळ्या मंडळीला ठाऊक. त्याची कधी, हे कमिटीत विचारलं तेव्हा खजिनदारांनी रजिस्टर चाळलं. रविवार त्याच्या सर्वांत जास्त कामाचा, बुधवारी बायकांची प्रार्थना, शनिवारी तालीम. शेवटी मंगळवार ठरला आणि त्या दिवशी किल्ली सभासदांनी आळीपाळीने सांभाळायची. आता प्रश्न नाताळचा आहे. कॅरलच्या फेऱ्या रात्री अकरापर्यंत चालतात आणि त्यातली एक मंगळवारी येते. दोन वडीलधाऱ्यांचं म्हणणं, वर्षातून एकदा चालतं. फेरी सोमवारी घ्यावी, असं मी सुचवलं आहे. त्यावर क्वायरवाल्यांनी विचारलं, "पण सोमवारी तर पास्टर साहब, आपकी छुट्टी है ना?"