रुपयाएवढं नाक

मुलांनो, पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.त बसून कधी आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात आलात, तर खिडकीजवळची जागा धरा आणि चाकणला मुळीच झोपू नका. भोसरी, मोशी मागं पडली की रस्त्यावर लांबलचक ट्रेलर दिसायला लागतात. त्यांच्या पोटात कोऱ्या करकरीत मोटारी, नाहीतर मोटारसायकली. हे चाकण. मग राजगुरुनगरला भीमा ओलांडायची, खेडचा घाट मागं टाकायचा, की पेठ आणि मंचर. इथं आंबेगाव तालुका. कळंबजवळ घोड नदी भेटते, नारायणगावात मीना. नारायणगाव आलं म्हणजे तुम्ही जुन्नर तालुक्यात शिरलात.

वाटेत एक गंमत लक्षात येते का बघा. राजगुरुनगरनंतर मोठ्या कारखान्यांची रांग तुटते. साखर कारखाने सोडले, तर दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षं. याचं एक कारण नारायणगावपासून जवळच, खोडदला उभं आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या एकूण ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी या तबकड्या टिपतात. शेजारी यंत्रांचा गोंगाट असला तर त्यांना ऐकू येणार कसं? म्हणून या परिसरात कारखाना काढायचा तर आधी दुर्बिणीच्या संस्थेला विचारावं लागतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते ना, तेव्हासुद्धा थोड्या रेडिओलहरी सुटतात. शेजारून फटफटी गेली की जुन्या रेडिओत खरखर व्हायची. आजोबांना विचारून बघा.

तर कारखाने तिकडे आणि माणसं इकडे. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील आणि काका कामाला चाकणला जातात. तिथं तयार होणाऱ्या एका इंजिनाची ही गोष्ट आहे. खरं तर ते मोटारसायकलचं इंजिन. पण कॉलेजातली पोरंपोरी ते शर्यतीच्या गाडीत बसवतात, तीही फॉर्म्युला वनसारख्या दिसणाऱ्या, उघड्या चाकांच्या गाडीत.

उघड्या चाकांची म्हणजे काय? आपल्या जीपची चाकं पत्र्याच्या आत असतात. फॉर्म्युला गाडीची चारही चाकं अंगाबाहेर, मोकळी असतात. आमच्याकडच्या मुलांना हे समजावायला मला फारसा वेळ लागत नाही. "बाई, म्हणजे बैलगाड्यासारखी!" असं उत्तर लगेच येतं. इथल्या यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. हलका गाडा, चार बैल, पुढं घोडीवर स्वार. गाड्यावर माणूस नाही. सगळा हिशेब सेकंदांचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. काठी, चाबूक चालणार नाही, बैलाची डॉक्टरी तपासणी हवी, अशा त्या अटी. मला विचाराल तर या अटी हव्यातच. इंजिन तुटलं तर नवं आणता येतं. बैलाचं तसं नाही.

उघड्या चाकांच्या गाडीलाही अट आहे, आणि ती भलतीच कडक आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी जगभर एक स्पर्धा होते. तिचं मूळ १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेत आहे. आपल्याकडे फॉर्म्युला भारत या नावाची अशी स्पर्धा आहे. कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ती कित्येक वर्षं होत आली. मुलांनी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची, स्वतःच चालवायची. इंजिन मात्र तयार घेतलं तरी चालतं, ७१० सीसीपर्यंतचं. आता हे इंजिन आणायचं कुठून? भारतातल्या बऱ्याच संघांनी केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन निवडलं. केटीएम ही ऑस्ट्रियातली कंपनी. पण ही मोटारसायकल बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. २०१३ साली ती आपल्याकडे विकायला आली. एकच सिलिंडर, ३७३ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती. (२०२३ पासून ३९९ सीसीचं नवं इंजिन आलं आहे, पण आपला हिशेब जुन्या इंजिनाचाच.)

आता अट ऐका. पेट्रोलच्या इंजिनात जाणारी सगळीच्या सगळी हवा एकाच गोल भोकातून गेली पाहिजे. त्या भोकाचा व्यास २० मिलिमीटर, त्याहून केसभरही मोठा नाही. २०१९ साली निघालेलं एक रुपयाचं छोटं नाणं मोजपट्टीवर ठेवून बघा, बरोबर २० मिलिमीटर भरेल. एवढंच त्या इंजिनाचं नाक. वेग आटोक्यात राहावा आणि विद्यार्थी सुखरूप घरी जावेत, म्हणून ही योजना.

त्रास किती होतो ते कळायला हवं असेल तर मैदानाला एक फेरी मारा आणि मग थोडा वेळ नाक दाबून फक्त शीतपेयाच्या नळीतून श्वास घ्या. (गुदमरल्यासारखं झालं तर लगेच नळी काढा हं!)

आता सातवीचं गणित. हे इंजिन मिनिटाला ९००० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला १५०. दर दोन फेऱ्यांत ते एकदा हवा ओढतं. म्हणजे सेकंदाला ७५ घोट. एक घोट ३७३ घनसेंटिमीटरचा. करा गुणाकार. जवळजवळ २८ लिटर हवा, तीही एका सेकंदात! तेलाचे पंधरा लिटरचे दोन डबे भरत आले म्हणा ना. आणि हे सगळं रुपयाएवढ्या भोकातून.

भोक लहान असलं तर हवा जोरात ओढून घ्यावी, असं वाटतं ना? काही मर्यादेपर्यंत ते खरं आहे. आपली कुकडी नदी पुढं निघोजला खडकांच्या अरुंद घळीत शिरते, तिथं पाणी कसं सुसाट धावतं! हवाही अरुंद जागी धावते. पण अशा भोकात ती आवाजाच्या वेगापर्यंतच पळू शकते. त्या वेगाला पोचली की मग इंजिनानं कितीही ओढलं तरी दाणाभरही जास्त हवा मिळत नाही.

खरी मेख तर पुढंच आहे. आपलं एका सिलिंडरचं इंजिन सारखं हवा ओढत नाही. ते हिसके देतं. दोन फेऱ्यांतला साधारण पाव वेळ हवा आत घ्यायची, उरलेल्या पाऊण वेळात ती दाबायची, जाळायची, धूर बाहेर टाकायचा. सरासरी २८ लिटर खरी. पण ती सगळी त्या पाव वेळातच हवी. म्हणजे भोकावर एकदम चौपट ताण, आणि मग काही वेळ भोक रिकामं!

यावर उपाय काय? आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. विहिरीला पाणी बारीक झिरपतंय, वीज मोजके तास येतेय आणि पिकाला मात्र एकदम पाणी पाहिजे. मग तो काय करतो? शेततळं बांधतो. पाणी हळूहळू साठवायचं, लागेल तेव्हा भसकन सोडायचं.

ही मुलंही हवेचं शेततळं बांधतात. नाक आणि इंजिन यांच्यामध्ये काही लिटरचा एक बंद डबा बसवायचा. इंजिन त्यातून हिसके देऊन हवा ओढतं आणि नाकातून डब्यात हवा संथ, एकसारखी येत राहते. पण डबा केवढा असावा? लहान झाला तर हिसका पुन्हा नाकापर्यंत पोचतो. फार मोठा झाला तर चालकानं पाय दाबला तरी आधी डबा भरणार, मग गाडी उठणार. वळणावरून बाहेर पडताना ही दिरंगाई परवडत नाही. शिवाय नाकाचा आकारही जपावा लागतो. दोन नरसाळी निमुळत्या टोकांना जोडल्यासारखा तो असतो. हवा येते ते नरसाळं आखूड, जाते ते चांगलं लांब. भोकातून सुसाट निघालेली हवा हळूहळू रुंदावत शांत झाली पाहिजे. एकदम मोकळी सोडली तर भोवरे उठतात आणि मेहनत वाया जाते. आधी संगणकावर आखून, मग बनवून, मग मोजून, मग परत आखून मुलं यात महिनेच्या महिने घालवतात.

मग पेट्रोलचा तक्ता. आपण शाळेत पाढ्यांचा तक्ता लावतो ना, तसाच. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत चालकानं पाय किती दाबला ते, आणि प्रत्येक घरात पेट्रोल किती सोडायचं तो आकडा. १ ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. नाक बदललं, डबा आला, म्हणजे कारखान्यात भरलेला जुना तक्ता कुचकामी. म्हणून इंजिन एका यंत्राला जोडतात. ते यंत्र इंजिनाला मागं ओढतं आणि त्याची ताकद मोजतं. असं करत एकेक घर नव्यानं भरायचं. कंटाळवाणं काम आहे खरं. पण जिंकणं-हरणं बरंचसं इथंच ठरतं.

हवासुद्धा सगळीकडे सारखी नसते बरं का. कोकणातून माळशेज घाट चढून जुन्नरला या. आपण समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंच येतो आणि हवा साधारण ७ टक्क्यांनी विरळ होते. तुमच्या बाबांची मोटारसायकल हे आपोआप ओळखते आणि पेट्रोल थोडं कमी सोडते. शर्यतीच्या इंजिनाच्या तक्त्यात हेही शिकवून ठेवावं लागतं.

आणखी एक अडचण तर मला फारच आवडली. मोटारसायकल वळताना स्वतः कलते, त्यामुळे इंजिनातलं तेल तळाशीच राहतं. चारचाकी गाडी तशी कलत नाही. एस.टी.त पाण्याचा हंडा ठेवा. घाटातल्या वळणावर पाणी एका बाजूला कसं चढतं! इंजिनातलं तेलही तसंच चढतं, पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आणि काही क्षणांत आतले भाग घासून इंजिन जागीच धरतं. मग तेलाच्या तळात आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात, डिझेलच्या टँकरच्या पोटात असतात तशा. सर्वांत जास्त गुण ज्या फेरीला, ती २२ किलोमीटरची असते. त्यात कितीतरी सुंदर गाड्या मध्येच बंद पडतात.

साध्या गाडीच्या इंजिनावरून शर्यतीचं इंजिन बनवणं, हे काही जुगाडाचं लक्षण नाही हं. इंग्लंडमध्ये माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोन मित्रांनी १९५८ साली एक कंपनी काढली. एकाच्या आडनावाचा पुढचा आणि दुसऱ्याच्या आडनावाचा मागचा तुकडा जोडून नाव ठेवलं कॉसवर्थ. फोर्ड कंपनीच्या कॉर्टिना या घरगुती गाडीच्या इंजिनाचा खालचा भाग घेऊन डकवर्थनं वरचा भाग नवा आखला. चार सिलिंडरांचं ते इंजिन जमलं, तेव्हा त्याच विचारावर आठ सिलिंडरांचं, तीन लिटरचं इंजिन बांधलं. दोन्हींसाठी मिळून फोर्डनं एक लाख पौंड दिले होते. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडवूर्टला हे नवं इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कनं ती पहिलीच शर्यत जिंकली! पुढं या घराण्याच्या इंजिनांनी फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. आपल्याकडेही फॉर्म्युला मारुती या छोट्या शर्यतीच्या गाड्यांत मारुती ८०० चंच इंजिन असे.

अटींचं म्हणाल, तर मोठ्यांनाही त्या चुकल्या नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ साली नियम आला, की ताशी १०० किलोपेक्षा जास्त वेगानं पेट्रोल इंजिनात जाता कामा नये. थेंब मोजून मिळायला लागले, तशी इंजिनवाल्यांनी एकेक थेंब पिळायला सुरुवात केली. २०१७ साली मर्सिडीजच्या इंजिनानं चाचणीत पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा कामाला लावली. आपल्या साध्या गाडीत साधारण दोनतृतीयांश ऊर्जा नुसती गरम होऊन वाया जाते.

कोइम्बतूरच्या त्या स्पर्धेत गाडी धावण्याआधी तपासणी होते. ब्रेक, पट्टे, आवाज असं सगळं बघतात. मग इंजिन सुरू करायला सांगतात. परीक्षक पुढं होऊन त्या नाकाचं तोंड झाकून टाकतो. कुठं बारीकशी फट राहिली असेल तर इंजिन तिथून चोरून श्वास घेतं आणि चालूच राहतं. मग गाडी बाहेर. मुलं गाडीभोवती श्वास रोखून उभी असतात. आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं, की ती जोरजोरात टाळ्या वाजवतात. बंद पडलं म्हणजे पास झालं!